ऑगस्टमधल्या भेकांची नोंदवही

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे मिळाली. केपटाऊनच्या दक्षिण उपनगरांत पावसाळी रात्री विजेरी आणि बादली घेऊन रस्ता ओलांडणारे भेक (टोड) उचलण्याचे काम तू हाती घेतलेस, याचा आनंद वाटला. आपल्याकडे मृगाच्या पावसाबरोबर बेडूक ओरडू लागतात. तिथला पाऊस हिवाळ्यातला, म्हणून ऐन थंडी सरताना, ऑगस्टच्या सुमारास, पश्चिमेकडचा बिबट्या भेक तळ्याकडे निघतो. हे तू अचूक टिपले आहेस. मात्र पानोपानी ‘बिबट्या भेक, 3’ एवढेच लिहिले आहे. तो कशावरून ओळखलास, हे कुठेच नाही.

ही माझी निव्वळ काटेकोरपणाची खोड नव्हे. या प्राण्याच्या नावाचाच इतिहास पाहा. निसर्गअभ्यासक अँड्र्यू स्मिथ यांनी 1828 साली केपटाऊनच्या एका वृत्तपत्रात त्याचे वर्णन छापले. पुढे केपटाऊनचे आणि पूर्व केपमधले भेक एकाच जातीत गणले गेले. पॉइंटन आणि लँबिरिस या संशोधकांनी 1998 मध्ये ते पुन्हा वेगळे केले, तोवर केपटाऊनच्या नोंदी पूर्वेकडच्या भेकाच्या ‘पार्डालिस’ या नावाखालीच जात होत्या. त्यातच प्रजातीचे (जीनसचे) नाव आधी बुफो, 2006 नंतर अमिएटोफ्रायनस आणि 2016 पासून स्क्लेरोफ्रिस असे बदलत गेले. ज्यांनी नावासोबत ठिकाण, आवाज आणि पाठीचे ठिपके लिहून ठेवले, त्यांच्या नोंदी या सगळ्या उलथापालथीत तगल्या. ज्यांनी फक्त नाव लिहिले, त्यांच्या नोंदींचा अर्थ इतरांना अंदाजाने लावावा लागला. त्या दुसऱ्या गटात एके काळी मीही होतो.

तुझ्या भागात ओळखीची अडचण आणखी वाढली आहे. साधारण 2000 सालापासून कॉन्स्टान्शिया परिसरात गटुरल टोड हा मूळचा ईशान्येकडचा, तिथे उपरा असलेला भेक शिरला आहे. घाईत दोघेही तपकिरी ठिपक्यांचेच दिसतात. बिबट्या भेकाच्या पिवळसर पाठीवर गडद कडांचे मोठे तांबूस-तपकिरी ठिपके असतात आणि डोळ्यांमागच्या विषग्रंथी विटकरी असतात. गटुरलच्या डोक्यावर गडद डागांमधून फिकट फुलीसारखी खूण उमटते आणि त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला लाली असते. म्हणून मांडी पाहिलीस की नाही, तेही लिही. गटुरलचा विणीचा काळ उन्हाळ्यातला असल्यामुळे डिसेंबरमध्ये तळ्यावरून आवाज आला, तर ‘बिबट्या’ लिहिण्यापूर्वी दोनदा थांब. (याच गटुरलला 1922 मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी मॉरिशसला नेले होते, तिथल्या मराठी घरांच्या अंगणातही तोच भेक ओरडत असणार.)

प्रत्येक प्राण्याचे छायाचित्र बरोबर वरून घे, तिरके नको. ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच भेक त्याच रस्त्यावर भेटला तर ओळखता येतो. गाडीखाली चिरडलेलाही सोडू नकोस, पाठ शाबूत असेल तर त्याचेही छायाचित्र घे. हात ओले ठेवून उचल, नंतर ते स्वच्छ धू, आणि ज्या दिशेला त्याचे तोंड होते त्याच बाजूला त्याला सोड.

ठिकाणाच्या बाबतीत जुन्या पद्धतीवर विसंबू नकोस. पूर्वीच्या नोंदी पाव अंशाच्या चौकटीत, म्हणजे त्या अक्षांशावर सुमारे 23 बाय 28 किलोमीटरच्या तुकड्यात टाकल्या जात. अशा एका चौकटीत डोंगर, वस्ती आणि समुद्र सगळेच मावते. मग भेक डोंगराच्या अलीकडे टोकाईला सापडला की पलीकडे नूर्डहूकला, हे कळावे कसे? तुझ्याकडे फोन आहे, अक्षांश-रेखांश लिही. जात संकटग्रस्त असल्याने नेमके ठिकाण सर्वांना दाखवावे की नाही, हा निर्णय नंतर घेता येतो. मुळात न लिहिलेले ठिकाण मात्र परत मिळत नाही.

तुझ्या वहीत एकही रिकामी रात्र नाही. तू रोज गेलास आणि रोज भेक दिसले, हे मला पटत नाही. विणीचा भर काही थोड्या रात्रींतच उसळून ओसरतो, म्हणूनच ‘दोन तास फिरलो, पाऊस नव्हता, एकही नाही’ ही ओळ मोलाची आहे. तिच्याशिवाय पंधरा भेकांच्या रात्रीला मोजमापच राहत नाही.

शेवटचे पान सप्टेंबरचे आहे, हे मात्र खटकले. नरांचे संथ घोरणे थांबले, म्हणजे काम संपले असे नाही. एक मादी 20,000 हून अधिक अंडी लांब माळांमध्ये घालू शकते. बेडूकमाशांना पाय फुटायला दहा आठवड्यांहून अधिक लागतात आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान पाण्याबाहेर येतात. अंड्यांच्या माळा दिसल्याची तारीख आणि पहिले पिल्लू काठावर दिसल्याची तारीख, या दोन्ही मला हव्या आहेत. नोव्हेंबरात तळ्यावर जाशील तेव्हा गवतात पाय टाकण्याआधी विजेरी खाली धर.

तुझा,
काका