कारल्याचा वेल आणि तुझा कंट्रोलर

मनू बाळा,

तुझी साडेचार मिनिटांची व्हॉईस नोट काल ड्युटीवरनं येताना ऐकली, घरी येऊन परत ऐकली. फोनवर सांगत बसले तर आज्जी मधेच फोन हिसकावून घेणार, म्हणून लिहूनच पाठवतेय. तुझे प्रश्न दोन. एक, हादग्याला गल्लीतल्या पोरी ते कारल्याच्या वेलाचं गाणं हसत हसत कसं म्हणतात, त्यात सुनेचा एवढा छळ चाललाय आणि ती सरळ निघून का जात नाही. दुसरा, तुझ्या गोष्टीखाली मॅडमनी लिहिलंय 'पात्रे काहीच करत नाहीत, नुसती रडतात', तर त्यांनी करायचं काय. मला तर दोन्ही प्रश्न एकच वाटतात.

गोष्टीच्या पानांचे फोटो झूम करून करून वाचले. हातात पट्टा बांधलेली नंबरची माणसं चांगली जमलीयेत, पण तो माईकवरनं दिवसभर ओरडणारा कंट्रोलर मला काही पटला नाही. लई ओरडतो. एवढं ओरडणाऱ्याची भीती चार दिवसांत मरते गं. त्यापेक्षा ती सासू बघ. सुनेला माहेरी जायचंय तर सासू नाही म्हणतच नाही! जा की, फक्त कारल्याचा वेल लाव. लावला. आता त्याला फुलं येऊ देत. आली. कारली लागू देत. लागली. मग भाजी कर, खा, खरकटं काढ, आणि सगळं झाल्यावर म्हणते मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. मग सासरा, दीर, नणंद, नवरा, अख्खं घर फिरायचं. लहानपणी मी हे नुसतं घोकल्यासारखं म्हणायचे, पण मागच्या वर्षी इथं मस्कतमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत कारलं लावलं आणि बी टोचल्यापासून पहिलं कारलं हाताला लागेपर्यंत दोन महिने गेले तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. गाण्यात दोन ओळी, पण त्या बाईचे दोन महिने गेले ना त्यात.

आता निघून का जात नाही. अगं जाणार कुठं? न विचारता आलेल्या लेकीला माहेरची माणसंच परत सासरी पोचवून यायची. माझी आज्जी, म्हणजे तुझी पणजी, कागलची. कागल म्हणजे कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, आता एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत येतं, पण लग्नानंतर ती तीन वर्षं तिकडं गेली नव्हती. कारणं तीच, भात काढणी होऊ दे, म्हशीला होऊ दे, दिराचं लग्न होऊ दे. मी एकदा विचारलं, आज्जी तू मग काय केलंस? ती परातीत भडंग कालवत होती, तेलाचा हात तसाच वर धरून म्हणाली, "काय करतोय, रोज इच्चारत हुतो. भाकरी वाढताना इच्चारायचं, पाणी दिताना इच्चारायचं. त्येंनी न्हाई म्हणूस्तवर इच्चारायचं. न्हाई म्हणायची लाज वाटत हुती त्यास्नी." (बाई असून 'करतोय, हुतो' कसं, हे तुला एव्हाना कानाला बसलं असेल, कोल्हापुरात आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो.)

तर ती गाण्यातली सून दर कडव्याला परत येऊन विचारते ना, झालं हो, आता तरी जाऊ का, ते मला आता गरीब गाय वगैरे वाटत नाही. कारलं लावता लावता माहेर विसरली असती तर सासूचं काम फत्तेच झालं असतं. तुझ्या नंबरवाल्या पोरीला पण असं काहीतरी एक मागायला लाव, अगदी साधं, आणि तेच तेच मागू दे. मॅडमना भिंत फोडून पळणारी पात्रं हवी असतील तर असू देत.

आणि हसण्याचं. हस्त नक्षत्र लागलं की सोळा दिवस हादगा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला माळा, हे तू आता बघतेसच. आमच्या फेरात एक पोरगी होती, ती कमरेवर हात ठेवून नाकातनं अशी सासू काढायची की दारात उभ्या बायका पदर तोंडात कोंबायच्या, आणि त्यात खऱ्याखुऱ्या सासवा पण असायच्या! कुणी काय बोलणार, देवाचं गाणं चाललंय. घरात ज्याचा ब्र काढता येत नाही ते अंगणात सासूसमोरच तालासुरात म्हणायचं. सासरच्या वैद्याला फाटकी टोपी घालणारं ते दुसरं गाणं पण तसलंच. तुझी माणसं जेवणाच्या रांगेत कंट्रोलरची नक्कल करतात का कधी? एकदा करू दे.

रोज शाळेला जाताना दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा लागतो ना, त्यांनी 1919 साली संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदाच केला होता. त्या काळात केवढी मोठी गोष्ट. पण कारल्याचा वेल लाव म्हणणं कुठल्या कलमात बसवणार? तुझ्या गोष्टीतला कंट्रोलर हुशार असेल तर तो पण नियम मोडणार नाही, गोड बोलून वेल लावायला सांगेल.

एक राहिलंच. आमच्या गल्लीत त्या गाण्याचे दोन शेवट होते. एकात फणी आणून वेणी घालतात आणि ती जाते माहेरी, दुसऱ्यात पाठीत काठी बसते. मोठ्या पोरी मुद्दाम काठीचा म्हणायच्या, आणि तो सुरू झाला की पणजी खिरापत बघते म्हणून आत जायची. खिरापत तर केव्हाच डब्यात भरलेली असायची.

आज सातवा दिवस ना? उद्या आठ गाणी. फोन पाटाजवळ ठेवून रेकॉर्ड कर, तुमच्या गल्लीत कुठला शेवट म्हणतात ते ऐकायचंय मला. आणि खिरापत काय होती ते आधीच सांगू नकोस, ओळखून बघते.

तुझी
आई