जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडून पर्यावरणपूरक लाकूडकामात उतरावं का? पोट भरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय छत्तीस, मुंबईतल्या एजन्सीत आर्ट डायरेक्टर, स्क्रीनचा वीट आलाय, हाताने काहीतरी करायचंय पण त्यासाठी जंगल तुटायला नको. जमेल का, पैसे मिळतील का आणि पहिलं मशीन कुठलं घेऊ?

मी साधारण याच वाटेने आले. आधी बरीच वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं आणि जाहिरातींची मांडणी केली. आता सासवड रोडला भाड्याची पत्र्याची शेड आहे आणि सोबत एक मिस्त्री. त्यामुळे मतं जरा ठाम झालीत, तशीच लिहिते.

मशीनचं शेवटी सांगते, आधी लाकडाचं बोलू. या धंद्यातला निम्मा वेळ लाकूड शोधण्यात, त्याची कागदपत्रं जमवण्यात आणि ते वाळायची वाट बघण्यात जातो. व्हिडिओंमध्ये दिसतो तो उरलेला निम्मा. जंगलाला धक्का न लावता काम करायचं असेल तर खरी कसोटी या न दिसणाऱ्या भागातच आहे. वस्तू सुंदर झाली पण फळी कुठून आली ते माहीत नसेल, तर तुमच्यात आणि चौकातल्या फर्निचरवाल्यात फरक फक्त इन्स्टाग्रामचा.

माझा सगळ्यात जास्त माल येतो तो पाडलेल्या वाड्यांतून. पुणे, वाई, सातारा इथल्या पेठांमध्ये पुनर्विकास सुरू आहे. पाडकामाचा ठेकेदार तुळया, खांब, दाराच्या चौकटी एकगठ्ठा विकतो. त्यातला चांगला माल बहुतेकदा बर्मी साग असतो, ब्रह्मदेशातल्या मौलमीन बंदराच्या बाजूने बोटींवरून मुंबईला आलेला. हे लाकूड जुनं आहे म्हणून निष्पाप आहे असं मात्र समजू नका. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या लाकूड कंपनीला ब्रह्मदेशाच्या राजदरबाराने सागाच्या ओंडक्यांवरून दंड ठोठावला आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशावर चाल करायला तेच निमित्त केलं. त्यात गादी गेलेला थिबा राजा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. थिबा पॅलेस बघायला गेलात तर आपल्या वाड्यांच्या तुळया आठवतील. पण ते झाड तेव्हाच पडलंय. आता त्या तुळईची चूल करायची की टेबल, एवढंच आपल्या हातात उरतं.

या मालाचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. आठ फूट लांब, सहा इंच बाय सहा इंच तुळई म्हणजे कागदावर दोन घनफूट. तिच्यात दीडशे वर्षांत कुणी कुणी ठोकलेले खिळे असतात, दिव्याचे हूक असतात, भिंतीत गाडलेलं टोक वाळवीने पोखरलेलं असतं. आधी मेटल डिटेक्टर फिरवायचा, खिळे उपसायचे, आत मोडलेला खिळा पटाशीने खणून काढायचा. एकही राहिला तर बँड सॉचं, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचं, पातं गेलंच. मग चिरताना प्रत्येक कापाला भुसा जातो, भेगा पडलेला भाग जातो. हातात येतं ते एक घनफूट, कधी त्याहून कमी. म्हणजे घनफुटाचा भाव ज्या दिवशी मोजलात त्याच दिवशी तो मनात दुप्पट धरायचा, वर मिस्त्रीची मजुरी वेगळी. नवे लोक ‘भंगारातलं लाकूड स्वस्त’ म्हणून येतात आणि इथेच बुडतात.

दुसरा स्रोत शेताच्या बांधावरचा. आंबा, जांभूळ, फणस, बाभूळ, शिरीष. फळ देणं थांबलेला आंबा एरवी खोक्यांना किंवा वीटभट्टीला जातो, आणि त्याच आंब्याची मधली फळी कधी अशी काही निघते की बघत बसावं. पण शेतकऱ्याच्या होकारावर थांबू नका. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग तर सोडाच, आंबा, जांभूळ, फणस, चिंच हीसुद्धा त्याच्या यादीत आहेत. खाजगी जमिनीवरचं असं झाड पाडायला परवानगी लागते आणि ओंडके हलवायला वाहतूक परवान्याचं आधी विचारून घ्यायचं. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. वादळात पडलेलं झाडसुद्धा टेम्पोत घालून निघालात तर नाक्यावर अडवू शकतात. माझ्याकडे प्रत्येक लॉटची पावती फाइलला लावलेली असते. हल्ली गिऱ्हाईकालाही त्या फाइलमधलं पान दाखवते. पन्नास सुंदर शब्दांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

बांधावरचं लाकूड ओलं असतं. एक इंच जाडीला एक वर्ष, असा हवेत वाळवण्याचा ढोबळ ठोकताळा आहे. पावसाळ्यात वाळणं थांबतं ते थांबतंच. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायची, टोकांना रंग किंवा मेण फासायचं म्हणजे तडे कमी जातात. आंब्याला भुंगा फार लवकर लागतो, म्हणून चिरल्या चिरल्या बोरिक-बोरॅक्सचं पाणी द्यायचं. ओलावा मोजायचं मीटर मिळतं, पण फुकटातली युक्तीही आहे: त्याच फळीचा एक तुकडा दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा आणि वजन तारखेसह त्याच्यावरच पेन्सिलीने लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेला जुळलं. माझ्या शेडमध्ये असे आकडे लिहिलेले ठोकळे रांगेने पडलेले असतात. पण पुण्यात जुळलेली फळी रत्नागिरीच्या घरात गेली की पुन्हा फुगणार, हे धरून चालायचं.

नवा साग घ्यायचाच झाला तर बाजारात सीपी टीक म्हणतात तो घ्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, वनविभागाच्या लिलावातून आलेला. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेला तो हाच. लिलावाचे लॉट आपल्यासारख्यांना झेपत नाहीत, वखारीतूनच घ्यावा लागतो, मात्र पावतीशिवाय नाही. ‘नवा बर्मा साग’ असं कुणी सांगितलं की दोन प्रश्न जास्त विचारा. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केलेली आहे. घाना साग नावाने मिळतो तो आयातीचा. लागवडीचा असला तरी हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला. शिसवीचा मोह मला आवरता आलाय, तुम्हीही आवरा. शिसवाचा जवळजवळ सगळा वंशच २०१७ पासून सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, परदेशात काही पाठवायचं म्हटलं की कागदांचं झेंगट.

आणि हो, प्लायवूडला शत्रू मानू नका. यमुनानगरकडचं बरंचसं प्लाय शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीपासून बनतं. कपाटाच्या पाठीला अस्सल साग लावणं ही माझ्या मते निव्वळ उधळपट्टी आहे.

आता तुमच्या आधीच्या कामाबद्दल. प्रमाणाची नजर, रेघ, मोकळी जागा हे सगळं इथे कामाला येतं. गिऱ्हाईकाशी बोलणं, फोटो काढणं, कोटेशन पाठवणं यात तुम्ही मिस्त्रीच्या दहा पावलं पुढे असाल. नडते ती एक सवय: स्क्रीनवर ओढलेली रेघ उद्याही तिथेच असते. लाकूड हलतं. तीन फूट रुंदीचा सागाचा टेबलटॉप, आडव्या चिरीच्या (म्हणजे ओंडका सरळ थरांत चिरून काढलेल्या) फळ्यांचा, पावसाळा आणि उन्हाळ्याच्या फरकात पाच-सात मिलिमीटर सहज सरकतो, आणि साग तर कमी हलणाऱ्यातला. तो खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळलात तर मे महिन्यात रात्री ‘टक्’ असा आवाज येईल आणि सकाळी फट दिसेल. म्हणून भोकं लांबट पाडायची, कडेला श्वास घ्यायला जागा सोडायची. माझा मिस्त्री चित्रात सगळ्यात आधी हीच जागा शोधतो. नसेल तर काही बोलत नाही, चित्र उलटं करून परत देतो.

मिस्त्रीबद्दल आणखी एक. शिकायला शासकीय आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत प्रशिक्षणं होतात, शहरांत शनिवार-रविवारचे खाजगी वर्गही आहेत. सगळं करा. पण रंधा कसा धरायचा, लाकडाचा तंतू कुठल्या बाजूने चढतो, हे जुन्या माणसाशेजारी उभं राहूनच येतं. तो माणूस रोजंदारीवर असतो आणि त्याच्या मुलाला या धंद्यात यायचं नसतं. आपण त्याच्याकडून शिकून ‘हस्तनिर्मित’ची पाटी लावतो आणि त्याच स्टुलाचे तिप्पट घेतो. तेव्हा त्याला साइटवरच्या दराने पैसे देऊन मोकळं होऊ नका. आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरमध्ये त्याचा हिस्सा ठरलेला आहे. तो किती, हे तुम्ही तुमच्या मिस्त्रीशी ठरवा, पण कामाच्या आधी.

पैशाचं सरळ सांगते. सुरुवातीची काही वर्षं घर नवऱ्याच्या पगारावर चाललं आणि शेडचं भाडं मी मुखपृष्ठं करून भरलं. अजूनही वर्षाला थोडी मुखपृष्ठं करते. एजन्सीतल्या पगाराची बरोबरी आजही होत नाही. तुमच्यावर गृहकर्ज असेल तर राजीनामा देऊ नका. आधी शनिवार-रविवार काम करा आणि ओळखीच्या नसलेल्या माणसांना पूर्ण किमतीत वस्तू विकून बघा. मावशीने घेतलेला चौरंग विक्रीत धरायचा नाही.

विकतं काय? तुम्हाला ज्यात डिझाइन दाखवता येईल असं वाटतं ते बहुधा नाही. आपल्या लोकांचा हात देवघरासाठी सैल सुटतो. पुस्तकांच्या कपाटावर तासभर घासाघीस करणारा माणूस वास्तुशांतीच्या आधी देवघराला एका शब्दात हो म्हणतो. काठवट, पोळपाट, चौरंग यांवर शेड चालत नाही, पण ओळख होते. सगळ्यात चांगलं काम मात्र गिऱ्हाईकाच्याच लाकडाचं. आजोळचं घर पाडलं, चार तुळया उरल्यात, भावंडांत कुणालाच टाकवत नाहीत. त्यातून प्रत्येकाला एकेक बाक किंवा टेबल करून द्यायचं. लाकडाचा खर्च नाही, परवान्याची भानगड कमी, आणि किमतीवरून वाद नाही. त्याच्या खालोखाल डुरुस्ती: डुगडुगत्या खुर्च्या, वेताची वीण, जुन्या कपाटांचं लाख पॉलिश. डिझाइनवाल्यांना डुरुस्तीत कमीपणा वाटतो. मला वाटतं यापेक्षा पर्यावरणपूरक काम या धंद्यात दुसरं नाही, आणि महिन्याचं वीजबिल त्यातूनच निघतं.

जीएसटीला वस्तूंसाठी चाळीस लाखांची मर्यादा आहे, पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला तर नियम बदलतात, हस्तकलेला त्यात काही सवलतही आहे. सीएला विचारा. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतार हा अठरांपैकी एक व्यवसाय आहे, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. पण ती परंपरेने हे काम करणाऱ्यांसाठी आहे. आपण तिथे रांग लावू नये, मिस्त्रीचा अर्ज भरून द्यावा.

बाई असाल तर वखारीत ‘साहेब कुठे आहेत?’ हे ऐकावं लागतं. तुम्ही पुरुष आहात, तेवढं वाचलं.

दोन गोष्टी जिवावरच्या. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तो पहिल्या गटात टाकलाय. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क आणि भुसा ओढणारं यंत्र पहिल्या खर्चात धरा. दुसरं, जवसाच्या तेलाने फिनिश दिल्यावर चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेटते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. भुशाने भरलेल्या शेडमध्ये हे विसरून चालत नाही.

आता मशीन. टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची गोल करवत, लगेच घेऊ नका. सोसायटीत आवाजावरून भांडणं होतील, आणि बोटं नवीन असताना ते मशीन नकोच. ओढून कापायची एक करवत, तीन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, जोड आवळून धरायला चार शिकंजे, धार लावायचा दगड आणि एक रंधा, एवढ्यावर पहिलं स्टूल होतं. मोठी चिराई वखारीत करून मिळते. रंधा नवा घेण्यापेक्षा पुण्याच्या जुन्या बाजारात बघा. लोखंडी रंध्याचा तळ आरशासारखा नसला तरी चालेल, तडा मात्र नको. पातं काढून बघा. मागच्या सपाट बाजूला, धारेजवळ, गंजाने खड्डे पडले असतील तर ठेवून द्या, कितीही घासलंत तरी धार धरणार नाही. वरवरचा गंज असेल तर भाव पाडायला उपयोगी पडतो.