डबा फेकू नका, घेऊन या

"मॅडम, आयुर्वेदिकच आहे ना, मग त्याने काय त्रास होणार?" आहार समुपदेशनात हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. उत्तर म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 22, उंची पाच फूट, वजन 41 किलो. स्थळं यायची आणि "मुलगी छान आहे हो, पण फारच बारीक" म्हणून परत जायची. शेवटी मावशीने वजन वाढवायच्या पावडरीचा डबा आणून दिला. रोज एक चमचा, दुधातून. दहा आठवड्यांत काटा 49 वर गेला. घरात आनंदीआनंद. आईला मात्र चैन पडेना. लेकीचा चेहरा पुरीसारखा फुगला होता, पाळी दोनदा चुकली होती आणि पोरगी दिवसभर पेंगायची.

मी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" दोघी एका सुरात म्हणाल्या, "एकही नाही." खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे पावडर, चूर्ण, काढा यांना कुणी औषध म्हणतच नाही. म्हणून मी आता विचारते, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत डब्यातलं, बाटलीतलं, पुडीतलं काय काय तोंडात जातं?" तेव्हा कुठे पावडर निघाली. आणि लेकीने हळूच सांगितलं की महिनाभर ती एकाऐवजी दोन चमचे घेते. आई एकदम उसळली. मी हातानेच त्यांना थांबवलं. त्या क्षणी ती पोर ओरडा खाऊन गप्प झाली असती, तर पुढचं काहीच कळलं नसतं. जिन्यावर मांड्यांतलं बळ जातं, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, पोटावर जांभळे वळ आलेत, हे सगळं तिने त्यानंतर सांगितलं.

"आजच गटारात ओतते ती पावडर!" आई म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, फेकू नका. आणि हिची पावडर मनाने बंदही करू नका. डबा घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा." मी फोन करून वेळ घेऊन दिली.

असं का म्हटलं ते सांगते. वजन वाढवायच्या अशा पावडरींत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि सायप्रोहेप्टाडिन हे ॲलर्जीवरचं, भूक नि झोप वाढवणारं औषध मिसळलेलं सापडतं. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. पावडर एकदम तोडली तर शरीराकडे ना बाहेरचं, ना घरचं. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. तिचं सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथी बनवतात ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, रक्तात तपासलं तर अगदी तळाला होतं. चेहरा सांगत होता स्टेरॉईड जास्त झालंय, रक्त सांगत होतं ग्रंथी निजल्यात. डॉक्टरांनी डब्यातला नमुना तपासायला पाठवला, त्यात डेक्सामेथासोन निघालं. मग त्यांनी मोजून स्टेरॉईड दिलं आणि काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवलं.

डबा मी नीट पाहिला होता. झाकणावर "100% आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाहीत". मागे अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी अशी नावं, कशाचं किती ते नाही. बनवणाऱ्याचा पत्ता म्हणून शहराचं नाव आणि एक मोबाइल नंबर. बॅच नंबर नाही. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक आणि औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशी सूचना हवी. इथे दोन्ही नव्हतं. असा डबा घरात घेऊच नये. पण क्रमांक आहे म्हणून आतला माल शुद्धच, असंही समजू नका. परवाना कारखान्याला मिळतो, तुमच्या हातातल्या डब्याची तपासणी त्यात होत नाही.

"पाण्यात विरघळवून, वास घेऊन कळत नाही का?" हेही खूपजण विचारतात. नाही कळत. डेक्सामेथासोनची साधी गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. पाच ग्रॅमच्या चमच्यात ती मिसळली तर दहा हजारांत एक भाग. जिभेला काय पत्ता लागणार! एकच खूण घरी ओळखता येते: पंधरा दिवसांत दिसणारा चमत्कार. जडीबुटीने इतक्या झपाट्याने वजन चढलं किंवा जुनी गुडघेदुखी पळाली, तर मला आनंद होत नाही, भीती वाटते.

वाईट याचं वाटतं की 41 किलोच्या मुलीला खरंच मदत हवी होती. तिचं हिमोग्लोबिन कमी होतं आणि दुपारचा डबा ती रोज अर्धा परत आणायची. स्थळं नाकारेपर्यंत ते कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे एकदा तिची मावशी एकटीच माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही. पिशवीतून तसेच दोन डबे काढून टेबलावर ठेवले, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची ते विचारलं. मग वहीचा एक कागद पुढे केला. तिने ज्यांना पावडर दिली होती, त्या सात बायकांची नावं होती त्यावर.

"एकदम बंद करू नका, हे त्यांना कसं सांगू?" ती म्हणाली. आम्ही पहिला नंबर लावला.