लंडन सोडून डरहमकडे घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की लंडनमध्ये दोन खोल्यांचं भाडं झेपत नाही आणि नवऱ्याचं काम बहुतेक घरूनच चालतं. मग जरूर जा. डरहम ज्या भागात आहे, त्या ईशान्य इंग्लंडमध्ये घरांची सरासरी किंमत लंडनच्या निम्म्याहूनही बरीच कमी आहे. पहिलंच घर असेल तर ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटीही लागत नाही.

फक्त आधी सहा महिने तिथे भाड्याने राहा. मी डरहमजवळच्या चेस्टर-ले-स्ट्रीट गावात तसंच केलं. तिथून न्यूकॅसल हे मोठं शहर ट्रेनने दहाएक मिनिटांवर. स्वस्त मिळणारी बरीचशी घरं जुन्या टेरेसमधली, म्हणजे एकमेकांना चिकटून असलेल्या घरांच्या रांगेतली, आणि ओल हा त्यांचा खरा शत्रू. आम्ही बघितलेल्या एका घरात कपाट जरा पुढे ओढलं, तर मागचा रंग फुगलेला आणि भिंत हाताला गार, दमट लागली. बाहेरून घर अगदी टापटीप होतं! म्हणून पाऊस पडून गेल्यावर घर बघा आणि सर्व्हेवर, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेण्यावर, पैसे वाचवू नका. हा जुन्या कोळसा खाणींचा पट्टा आहे, त्यामुळे वकिलाला खाणींचा शोध-अहवाल मागवायला सांगा.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, मात्र स्वस्त नाही. त्याच बँडला (घराच्या किमतीवरून ठरणारा गट) मध्य लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या दुपटीहून जास्त भरावा लागतो. आणि ऑफिसने आठवड्यातून दोनदा लंडनला बोलावलं, तर एकेका बाजूचे तीन तास आणि तिकिटाचा खर्च धरून हिशेब पुन्हा मांडा.