वाचकांचे प्रश्न : पगार थांबला, भाडं थांबत नाही

प्रश्न (वाकड, पुणे) : आयटी कंपनीतली नोकरी गेल्या महिन्यात गेली. फ्लॅटचं भाडं २२,००० रुपये, अनामत ६६,०००. कराराचे सात महिने उरलेत. बँकेत १,४०,००० रुपये आहेत. लगेच १४,००० च्या घरात जावं असं मला वाटतं, पत्नीचं म्हणणं थांबू या. मुलगी चौथीत आहे.

उत्तर : आत्ता पत्नीचं ऐका. घर बदलण्याचा खर्च मांडून पाहिला की लक्षात येईल. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे १४,०००. टेम्पो आणि हमाल धरून ६,०००. करार, मुद्रांक आणि नोंदणीचे साधारण ३,०००. हे २३,००० परत मिळत नाहीत. दरमहा ८,००० वाचणार असतील, तर तेवढे भरून निघायला तीन महिने लागतात. शिवाय नव्या घराची तीन महिन्यांची अनामत, म्हणजे ४२,००० रुपये, आधी मोजावी लागेल. जुनी अनामत मात्र किल्ल्या दिल्यावर आणि रंगकामाचे पैसे कापूनच हातात येईल. म्हणजे पहिल्याच दिवशी १,४०,००० मधले ६५,००० गेले. तीन महिन्यांत काम मिळालं नाही तर स्थलांतर करावंच लागेल, पण तो निर्णय तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला घ्या.

तोवर घरमालकाशी बोला, आणि भाडं थकायच्या आधी बोला. थकल्यावर केलेली विनंती सबब वाटते. आधी केलेली विनंती त्यांना प्रस्तावासारखी ऐकू येते. प्रस्ताव असा ठेवता येईल : पुढचे चार महिने ११,००० रोख द्यायचे आणि ११,००० अनामतीतून वळते करायचे. चार महिन्यांत ४४,००० वळते होतील, तरी मालकाकडे २२,००० म्हणजे एका महिन्याचं भाडं शिल्लक राहील. नोकरी लागल्यावर अनामत किती हप्त्यांत पूर्ववत कराल तेही सांगा. बहुतेक करारांत ‘अनामत भाड्यात वळती करता येणार नाही’ असं कलम असतं, म्हणून तोंडी होकारावर थांबू नका. दोघांच्या सहीचं एक पानी पत्र करा, त्यात महिने आणि रकमा लिहा. नुसतं ‘बघू’ म्हणाले असतील तर ती संमती नाही.

करारात आणखी दोन गोष्टी शोधा : लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) कधी संपतो, आणि नोटीस किती दिवसांची आहे. लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. आणि मुदत संपल्यावर ‘अनामत आहे ना’ म्हणून राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर अडवून ठेवलं तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

आता बाकीचा खर्च. वीज १,८००, गॅस ५००, इंटरनेट ७००, शाळेची व्हॅन २,०००, किराणा-भाजी-दूध ९,०००, दुचाकीचा हप्ता ४,२०० असं धरू. भाड्यासह महिन्याला ४०,२०० होतात, म्हणजे तुमचे १,४०,००० साडेतीन महिन्यांत संपतात. मालक तयार झाले तर हाच आकडा २९,२०० वर येतो. चार महिने निघून वर २३,२०० उरतात, आणि कंपनीकडून यायच्या अखेरच्या हिशोबाचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

एसआयपी (म्युच्युअल फंडातला मासिक हप्ता) चालू असेल तर थांबवा, पण अर्ज हप्त्याच्या तारखेच्या बरेच दिवस आधी करा. खात्यात पैसे नसताना हप्ता परतला की बँक दंड लावते. मुदत विमा मात्र बंद पडू देऊ नका. मासिक हप्ता असेल तर सवलतीचे दिवस १५ असतात, वार्षिक असेल तर ३०. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर करून मिळेल का, हे आजच विचारा. घरात लहान मूल असताना पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी हे सोडू नका. रेशनकार्ड असेल तर ते जपून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख.

प्रश्न (चाकण) : ठेकेदाराकडे १६,५०० पगारावर तीन वर्षं होतो. काम बंद झालं. पीएफचा अर्ज पुढे जात नाही, ‘नोकरी सोडल्याची तारीख नाही’ असं दाखवतं. चाळमालक म्हणतो, भाडं नाही तर लाइट कापतो. लेखी करार नाही.

उत्तर : पीएफचं आधी. नोकरी सोडल्याची तारीख ठेकेदाराने भरायची असते. तो भरत नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडून ती भरू शकता. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून तो नंबर चालू ठेवा. एकदा टाकलेली तारीख सहजासहजी बदलत नाही, हजेरीपत्रक बघूनच टाका. यानंतरही अर्ज फेटाळला जातो तो बहुधा दोन कारणांनी : आधारवर आणि पीएफमध्ये नाव किंवा जन्मतारीख वेगळी असते, किंवा बँक विलीन झाल्यावर जुना आयएफएससी कोड तसाच राहिलेला असतो. दोन्ही केवायसीमध्ये आधी दुरुस्त करा.

नोकरी गेल्यावर शिलकीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. सगळी लागत नसेल तर सगळी काढू नका, उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं. तुमची सेवा पाच वर्षांच्या आतली आहे, त्यामुळे ५०,००० किंवा त्याहून जास्त रकमेवर पॅन असेल तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर टीडीएस न कापण्याचं स्वयंघोषणापत्र अर्जाबरोबरच द्या. धंदा बंद पडल्याने किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर ही रक्कम करमुक्त असते, म्हणून काम बंद केल्याचा ठेकेदाराचा कागद मिळवाच.

पगार २१,००० च्या आत असल्याने तुमची ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असणार. त्याच विम्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. तुमच्या पगाराला महिन्याचे आठ हजारांच्या आसपास होतील, म्हणजे खोलीचं भाडं आणि किराणा. त्यासाठी आधीची दोन वर्षं सलग विमा हवा आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले हवेत. बेरोजगारीचे ३० दिवस झाले की अर्ज करा. योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून आधार, पासबुक आणि विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयातच जा. दवाखाना मात्र लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी भरलेली असेल तर उपचाराचा हक्क पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत असतो. ऑक्टोबर ते मार्चची असेल तर जुलै ते डिसेंबरपर्यंत.

चाळमालकाला भाडं वसूल करायचा हक्क आहे, पण त्यासाठी भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायचा नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने ते मनाई केलेलं आहे, आणि न्यायालय सुविधा पुन्हा सुरू करायचा आदेश देऊ शकतं. लेखी करार करून नोंदवायची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून आजवर भाडं ज्या मार्गाने दिलं त्याचे यूपीआयचे पुरावे जपा. हातात रोख देत असाल तर आता थांबवा, थोडी का होईना रक्कम यूपीआयने पाठवा आणि ‘अमुक महिन्याचं भाडं’ असं लिहा. सबमीटरचं रीडिंग दर महिन्याला फोटो काढून ठेवा, कारण भाडं थकलं की युनिटचा दरही फुगवून सांगितला जातो.

प्रश्न (नाशिक) : यजमानांची नोकरी गेली. क्रेडिट कार्डावर ८०,००० थकले आहेत. दर महिना किमान रक्कम ४,००० भरते, तरी आकडा हलत नाही. वसुलीवाले सासऱ्यांना फोन करतात.

उत्तर : ताई, आकडा का हलत नाही ते पाहा. महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. एकूण ३,३०४. तुमच्या ४,००० मधले फक्त ६९६ रुपये मुद्दलाला लागतात. वर त्या कार्डावर किराणा घेतला असेल तर त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड वापरायचं आजपासून बंद. बँकेला लेखी कळवा की नोकरी गेली आहे, ही थकबाकी मासिक हप्त्यांत बदलून द्या. त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. तेही जमत नसेल तर थोड्या सोन्यावर बँकेचं किंवा चांगल्या पतसंस्थेचं तारण कर्ज घेऊन कार्ड मिटवणं स्वस्त पडतं, पण सोनं सोडवायची तारीख पाळता येणार असेल तरच. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपकडे वळू नका, एक कर्ज फेडायला दुसरं काढायची सवय तिथूनच लागते. ‘थोडे भरा, मिटवून टाकतो’ असा प्रस्ताव आला तर पत्रात काय लिहितील ते आधी विचारा. ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, राहिला की पुढचं कर्ज अवघड जातं.

वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात, आणि नातेवाइकांना छळणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. सासऱ्यांच्या फोनवरचे नंबर आणि वेळा वहीत लिहा, बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८.

पैसे कमी असताना भाडं, वीज, गॅस, औषधं आणि शाळा आधी. कार्ड त्यानंतर. तिथून फोन जास्त येतात, पण घराची वीज जात नाही.

प्रश्न (कल्याण) : महावितरणचं ६,४०० चं बिल एकदम भरणं शक्य नाही. किती दिवसांत वीज तोडतात?

उत्तर : वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनच. तोवर थांबू नका. देय तारखेच्या आत उपविभागीय कार्यालयात हप्ते करून मागा, उशिरा भरलं तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. बिल घरमालकाच्या नावावर असेल तर अर्जावर त्यांची सही लागू शकते. आणि मीटरकडे बघा : १०० युनिटच्या पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. गीझर आणि इस्त्री यांनीच ती रेषा ओलांडली जाते.

प्रश्न (ठाणे) : कंपनी म्हणते, ‘राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ.’ द्यावा का?

उत्तर : त्याच दिवशी नको. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याने नोकरकपातीच्या भरपाईवरचा आणि ईएसआयसीच्या भत्त्यावरचा दावा दुबळा होतो. आधी नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी (शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं) हे आकडे ईमेलवर लिहून मागा. ते लिहून आले की मग ठरवा.