एक्सेल आणि गेम, दोन्हींसाठी एकच मॉनिटर

प्रश्न : २७ इंची दोन मॉनिटर निवडून ठेवलेत. एक १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल), व्हीए पॅनल, १६५ हर्ट्झ. दुसरा १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल), आयपीएस पॅनल, १४४ हर्ट्झ. दिवसभर एक्सेल आणि वाचन, रात्री गेम. कोणता घ्यावा?

उत्तर : दुसराच घ्या. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवू शकतो ते; १६५ आणि १४४ मधला फरक सहसा जाणवतही नाही. एक फ्रेम ६.१ऐवजी ६.९ मिलिसेकंद टिकते, इतकंच. अक्षरांचा फरक मात्र दिवसभर छळतो. २७ इंचांवर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. एक्सेलमधल्या बारीक आकड्यांच्या कडा दातेरी दिसतात. १४४०पीवर तेच १०९ होतात. शिवाय व्हीए आणि आयपीएस हे पडद्याचे दोन प्रकार, आणि बऱ्याच स्वस्त व्हीए पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला, की काळ्या भागामागे ओढल्यासारखा डाग राहतो. व्हीएचा काळा रंग जास्त गडद, हे खरं. अंधार करून सिनेमेच पाहायचे असते, तर गोष्ट वेगळी.

१४४०पीमध्ये ग्राफिक्स कार्डाला पावणेदोनपट पिक्सेल काढावे लागतात. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम घटल्या तर आधी गेममधल्या सावल्यांची सेटिंग उतरवा, रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) नको. जोडणी डिस्प्लेपोर्टने करा; जुन्या एचडीएमआय १.४ वर १४४०पीला १४४ हर्ट्झ मिळत नाहीत. आणि विंडोज बरेचदा ६० वरच अडकून राहतं. डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’त जाऊन १४४ निवडा.