टायनी म्हणावे, मायन्यूट की मिनिस्क्यूल?

प्रश्न : इंदूरच्या सराफ्यात नात्यातल्या एका दुकानात मी हिशेब आणि पत्रव्यवहार पाहते. शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळे इंग्रजी कामापुरतेच येते. गेल्या महिन्यात बारीक हिरे जडवलेल्या कुड्यांसाठी माहितीचे कार्ड लिहिताना मी 'मायक्रोस्कोपिक डायमंड्स' असे लिहिले. परदेशातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने ते वाचून "मग यात हिरे आहेत कुठे?" असे हसत विचारले, तेव्हा फार ओशाळल्यासारखे झाले. टायनी, मायन्यूट, मिनिस्क्यूल, मायक्रोस्कोपिक, इन्फिनिटेसिमल या सगळ्यांपुढे माझ्याजवळच्या शब्दकोशात 'अतिशय लहान' एवढेच दिले आहे. यांतला फरक कसा ओळखावा? – एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ओशाळण्यासारखे यात काही नाही, चूक असेलच तर ती पाच शब्दांना एकच अर्थ देऊन मोकळ्या होणाऱ्या शब्दकोशाची आहे. वस्तू किती लहान आहे, एवढ्यावरून हे शब्द वेगळे होत नाहीत. ती कशाने पाहिली आणि कशाशी ताडली, यावरून होतात. मराठीत आपण हे न शिकवता पाळतो. मीठ चिमूटभर घालतो, हट्टी माणूस तसूभर मागे हटत नाही आणि सोने गुंजभर कमी भरते. गुंज म्हणजे तोळ्याचा ९६वा भाग, जेमतेम ०.१२ ग्रॅम, हे आपल्याला सराफ्यात राहून ठाऊक असेलच. पण म्हणून कोणी गुंजभर मागे हटत नाही.

मायक्रोस्कोपिक या शब्दाचे माप सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. जे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यालाच तो शोभतो. उदाहरणार्थ, मिलिमीटरच्या सात-आठ सहस्रांश व्यासाची रक्तातली तांबडी पेशी. आपल्याकडचा एका सेंटचा हिरा, म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, वजनाला केवळ २ मिलिग्रॅम असला तरी साधारण १.३ मिलिमीटर रुंद असतो आणि राजगिऱ्याच्या दाण्यासारखा सहज दिसतो. गिऱ्हाइकाचे हसू तिथले होते. अतिशयोक्तीने बोलताना इंग्रज लोकही हा शब्द सैल वापरतात, परंतु विक्रीच्या कार्डावर अतिशयोक्ती लहानपणाची करू नये.

मायन्यूट हा या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा शब्द. लिहिताना तो 'मिनिट'सारखाच दिसतो, उच्चारताना मात्र 'मायन्यूट' होतो आणि जोर 'न्यूट'वर येतो. दोन्हींचे मूळ एकच, 'लहान केलेला' अशा अर्थाचे लॅटिन विशेषण. तासाचा पहिला लहान भाग तो मिनिट आणि दुसऱ्यांदा केलेला लहान भाग तो सेकंद, अशी ती वाटणी आहे. या विशेषणात लहानपणाबरोबर बारकावाही येतो. दहा पट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून, चिमट्यात धरलेला हिरा दिव्याखाली फिरवत सराफ आतला जो ठिपका शोधतो, तो मायन्यूट. आणि त्याची ती तपासणीही मायन्यूटच, जरी तिला अर्धा तास लागला तरी. आपल्या 'बारीक'चे असेच आहे : पोह्यांवरची शेवही बारीक आणि ती निवडून घेणाऱ्याची नजरही बारीक. जाता जाता, हिऱ्याच्या बिलावर त्याच्या शुद्धतेचा दर्जा सांगणाऱ्या 'व्हीव्हीएस'मधला 'एस' हा 'स्लाइटली'चा, म्हणजे 'किंचित'चा असतो. तेव्हा लहानपणाचा आणखी एक इंग्रजी शब्द आपण रोज हाताळत आहातच.

मिनिस्क्यूल हा मूळचा लिपीतला शब्द असून तो मोठ्या अक्षरांच्या तुलनेत लहान असलेल्या अक्षरांना लावीत. ती तुलना त्याला अजून चिकटून आहे. अपेक्षेच्या मानाने हास्यास्पद वाटावे इतके थोडे, असा त्याचा सूर असतो : मिनिस्क्यूल पगारवाढ, मिनिस्क्यूल नफा. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'मिन'नंतर 'यू' येतो. 'मिनी'च्या ओढीने पुष्कळ जण 'आय' लिहितात, आणि काही कोशांनी ते रूप नोंदवले असले तरी जाणकार वाचकाला ते खटकते.

इन्फिनिटेसिमल गणितातला : शून्य नव्हे, पण शून्याच्या हवे तितके जवळ. बोलण्यात तो शक्यता किंवा फरक यांना लावतात, दागिन्याला नाही. डिमिन्युटिव्ह आणि पेटीट आपण विचारलेले नाहीत. पहिला ठेंगण्या बांध्याच्या व्यक्तीसाठी, दुसरा नाजूक बांध्याच्या स्त्रीसाठी, इतके पुरे.

राहिला टायनी. तो घरातला शब्द, आपल्या 'चिमुकला'चा सख्खा भाऊ. बाळाची बोटे टायनी, चमकीचा खडाही टायनी. तो कुड्यांना चालेल. मात्र किमती वस्तूपुढे तो जरा लाडिक वाटतो, म्हणून मी असतो तर साधे 'स्मॉल डायमंड्स' लिहिले असते. मायन्यूट तिथे टाळावा, कारण घाईत वाचणारा त्याला मिनिट समजेल. खाली हिऱ्यांची संख्या आणि एकूण वजन सेंटमध्ये द्यावे. गिऱ्हाईक विशेषणाआधी तोच आकडा वाचते.